एकशे अठरा विहिरी

"घरचं रडं कामाला लावू नकोस," काका मला म्हणाले होते. "पुढे तुझं तुलाच ऐकू येईनासं होईल."

मी हसण्यावारी नेलं. काका म्हणजे आमच्या स्टुडिओतले सगळ्यांत जुने ध्वनिमुद्रक. सख्खे कुणाचेच नव्हते, पण सगळे त्यांना काकाच म्हणत. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि त्या दिवसांत ते ज्याला त्याला काही ना काही सांगत सुटले होते. कुणाला, पाठीला उशी घे. कुणाला, वायरी अशा कोंबू नकोस, त्यांनाही वळण असतं. मला वाटलं, जाता जाता माणूस हळवा होतो, चालायचंच. त्यांच्या डोळ्यांदेखत मी फाइलला नाव दिलं, 'हरवलेलं मूल १', आणि ती पुढे पाठवून दिली.

त्या फाइलमध्ये माझी मुलगी होती. तेव्हा तीन वर्षांची.

मी व्हिडिओ गेमसाठी आवाज करते. करायचे, असं म्हणायला हवं आता. वादळाचा, दोर तुटल्याचा, पायाखाली काटकी मोडल्याचा. आमचा गेम मोठा होता, मोकळ्या जगाचा: खेळणाऱ्याने वाटेल तिकडे जावं, वाटेल ते करावं. पहिला भाग आला तेव्हा मी कॉलेजात होते आणि तो मी तीनदा खेळले होते. एक बेट, एक दीपस्तंभ, एक म्हातारा, आणि शेवटी नायक मरतो. संपलं. किती वेळ मी नुसती समुद्राकडे बघत बसले होते त्यात. दुसऱ्या भागात तो नायक मेलाच नव्हता असं निघालं. तिसऱ्यात त्याचा कधी न ऐकलेला भाऊ आला. चौथ्यात भावाची मुलगी. मी तिसऱ्या भागापासून नोकरीला लागले, त्यामुळे मला नावं ठेवायचा हक्क नाही. भावाची पावलं मीच वाजवली आहेत.

बेटाचं पुढे राज्य झालं, राज्याचं खंड. आमचे मुख्य रचनाकार होते, त्यांना आम्ही पाठीमागे ठिपकेसाहेब म्हणायचो. नकाशावर ठिपके कमी दिसले की ते लगेच पेन्सिल उचलायचे. त्यांचा नियम ठरलेला: खेळणारा चाळीस पावलं चालला की त्याला काहीतरी सापडलंच पाहिजे. मनोरा, लुटारूंची छावणी, पेटी, जखमी घोडा. मनोऱ्यावर चढलं की नकाशा उघडतो, नकाशा उघडला की ठिपके दिसतात, ठिपके दिसले की माणूस धावतो. एकदा एका बैठकीत मी विचारलं होतं की अधूनमधून कुठे काहीच नसलं तर? ते माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत राहिले.

तर तिसऱ्या भागात ठरलं की प्रत्येक वस्तीत एक हरवलेलं मूल असेल. मुलाची आई विहिरीपाशी उभी, डोक्यावर पिवळी खूण. खेळणाऱ्याने तिच्याशी बोलायचं, रडण्याचा माग काढत जायचं, मूल आणून द्यायचं. वस्त्या नऊ, म्हणजे मुलं नऊ. स्टुडिओत चार-पाच लहान मुलं बोलावली होती रडायला. त्यांच्या आया काचेपलीकडून खुणा करत होत्या आणि मुलं इतकं गोड रडत होती की शोधायला कुत्रंही गेलं नसतं.

मग मी घरी केलं. कसं केलं ते लिहायला लाज वाटते, पण ते नाही लिहिलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. पुस्तकांच्या फळीवर रेकॉर्डर ठेवला आणि मी कपाटाच्या दाराआड जाऊन उभी राहिले. भिंगरी – तिचं हे नाव तिच्या बाबाने ठेवलं, एका जागी ठरायची नाही म्हणून – आधी हसत शोधत होती. पडद्यामागे, पलंगाखाली. मग हसणं थांबलं. मग तिने हाक मारली, मग अजून मोठ्याने मारली, आणि मग ती रडायला लागली. मी हातातल्या घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट चाळीस सेकंद. मग मी बाहेर आले आणि तिला उचललं, आणि ती माझ्या मानेत तोंड खुपसून हुंदके देत असताना माझ्या मनात काय आलं, तर हुंदके वेगळे मिळाले, बरं झालं.

फाइलमधली 'आई' ही हाक मी कापून टाकली. गेम बऱ्याच भाषांत विकला जातो. तिच्या सगळ्या 'आई' काढल्यावर अकरा सेकंदांचं शब्दांविना रडणं उरलं, तेच फिरून फिरून लागायचं.

तो भाग निघाला आणि लोकांच्या मनाला ते रडणं लागलं. लोक लिहायचे की अंगावर काटा आला, जेवण टाकून उठलो. ठिपकेसाहेब खूश. आणि आमच्याकडे जे एकदा चाललं ते पुन्हा चालवायचं असतं. चौथ्या भागात वस्त्या एक्केचाळीस. पाचव्यात एकशे अठरा. एकशे अठरा विहिरी, एकशे अठरा आया, आणि प्रत्येकीच्या वस्तीबाहेर कुठेतरी खडकाआड, गोठ्यात, पडक्या नावेत रडणारी माझी एकुलती एक मुलगी. शिवाय पाचव्या भागात एक सुधारणा झाली. मूल आणून दिलं की तीन दिवसांनी ते पुन्हा हरवायचं, म्हणजे खेळणारा त्या वस्तीत परत येईल.

मला वाटलं, चला, नवीन रेकॉर्डिंगचं काम वाचलं.

भिंगरी सहा वर्षांची झाली होती. तिची शाळा दुपारी एकला सुटायची, मी तिला घेऊन यायचे आणि उरलेलं काम घरून करायचे. हेडफोन मी मुद्दाम तसले घेतले होते ज्यांतून खोलीतलं थोडं आत ऐकू येतं. का, तर लेकीने हाक मारली तर कळावी. मी काळजी करणारी बाई आहे. खेळण्यांतल्या बॅटऱ्यांची झाकणं मी स्क्रू लावून बंद करते, द्राक्षं उभी कापून देते, गॅलरीला जाळी मी स्वतः बसवून घेतली. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो म्हणायचा, तुझ्या घरात अपघात व्हायचा तर त्याला आधी अर्ज द्यावा लागेल.

त्या दिवशी मंगळवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. मी पाचव्या भागातलं रडणं अंतराप्रमाणे कमी-जास्त करत होते. खेळणारा लांब गेला की आवाज बारीक व्हायला हवा, टेकडी मध्ये आली की दबला पाहिजे. सोपं काम. मी खेळणाऱ्याला लांब नेलं. रडणं बारीक झालं, पण संपलं नाही. अजून लांब नेलं. तरी मागे कुठेतरी ते चालूच. मी आवाजाची पट्टी शून्यावर आणली. रडणं चालू. दबलेलं, भिंतीपलीकडून आल्यासारखं, पण स्पष्ट. मला आठवतं, मी मनात म्हटलं की भिंतीचा परिणाम मात्र छान साधलाय, हा कुणी केला?

मग मी दोषाची नोंद लिहिली. आमच्याकडे काही चुकलं की तशी नोंद करायची पद्धत आहे, प्रत्येक नोंदीला नंबर मिळतो. मी लिहिलं: 'मुलाचं रडणं पट्टी शून्यावर आणल्यावरही पूर्ण बंद होत नाही. दोनदा तपासलं. तातडी: मध्यम.'

नोंद पाठवली, आणि दुसऱ्या कामाला लागले. थोड्या वेळाने रडणं थांबलं. मला वाटलं, कुणीतरी दुरुस्त केलं वाटतं, आज लोक चपळ आहेत.

चारला नवरा आला. त्याने येऊन माझे हेडफोन मागून उचलले आणि विचारलं, भिंगरी कुठाय. मी म्हटलं, आत खेळतेय. तो घरभर फिरला. मग बाथरूमचं दार ढकललं, ते आतून लावलेलं होतं. कडी खाली पडून घट्ट बसली होती. मोठ्या माणसालाही ती रेटून उघडावी लागते. त्याने हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. तो पिशवीतून हत्यारं काढेपर्यंत मी दारावर दोन्ही हातांनी मारत होते. त्याने मला खांद्याला धरून बाजूला केलं, रागाने नव्हे, लिफ्टच्या दाराशी जमलेल्या माणसांना करतो तसं.

ती पालथ्या बादलीवर बसली होती. कपड्यांचे चिमटे तिने फरशीवर एका ओळीत लावून ठेवले होते. तोंड धुतलेलं होतं. तिने आमच्याकडे पाहिलं आणि ती उठली नाही.

"चल," तिचा बाबा म्हणाला.

"झालं आईचं काम?" तिने विचारलं.

रात्री ती झोपल्यावर नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना नवऱ्याने मला सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं पहिली वीस मिनिटं ओरडतात. मग थांबतात. दार उघडलं तरी मग ती पटकन बाहेर येत नाहीत. मनाने ती आतच राहायला लागलेली असतात. एवढं बोलून तो कामावर गेला. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

त्या दिवसापासून भिंगरी रडत नाही.

हे ऐकून लोक म्हणतात, वा, शहाणी आहे. तिच्या बाई म्हणाल्या, वर्गात सगळ्यांत धीराची. डॉक्टरांनी कान, घसा, सगळं तपासलं आणि म्हणाल्या की मुलगी ठणठणीत आहे, तुम्हीच जरा झोप घ्या. पण मी सांगते ते ऐका. दारात बोट चेमटलं तर ती माझ्याजवळ येऊन उभी राहते आणि मी बघेपर्यंत बोट पुढे धरून थांबते. बोट निळं पडलेलं असतं. ताप चढला तर स्वतःच जाऊन पांघरूण घेते. तिला काही होतंय हे कळायचं एकच साधन होतं माझ्याकडे, ते मी विकून बसले होते. म्हणून मी तिच्याकडे बघत राहते. सारखी. ती शाळेच्या फाटकातून आत वळेपर्यंत, ती पाणी पिते तेव्हा घोट मोजत. मला भीती मरणाची वगैरे नाही वाटत. मला भीती ही वाटते की कधीतरी तिला माझी खरीखुरी गरज पडेल आणि ती हाकच मारणार नाही, कारण तिने ते करून पाहिलेलं आहे.

आणि रडणं मात्र घरभर होतं. गेममधलं म्हणते मी. भांडी घासताना नळाच्या आवाजात, मिक्सर थांबल्यावरच्या शांततेत, नेमकं अकरा सेकंद. मी उठून बघायला जायचे, ती चित्र काढत बसलेली असायची, तोंड मिटून. आधी खरं ऐकून खोटं वाटलं होतं, आता खोटं ऐकून धावत होते. माझ्या नोंदीवर उत्तरही आलं होतं तोवर: 'आमच्याकडे असं होत नाही. नोंद बंद करत आहोत.'

मी ठिपकेसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं नाही, सांगवेना. एवढंच म्हटलं की ते रडणं माझ्या मुलीचं आहे आणि मला ते काढून हवंय, त्याच्या जागी दुसरं मी करून देते. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले की अहो, ती तर आपली ओळख झालीय, लोक ते ऐकल्याबरोबर खुर्चीत पुढे सरकतात; दुसरं लावून पाहिलं तर चाचणीतले अर्धे लोक शोधायलाच जात नाहीत. हवं तर शेवटच्या नामावलीत तुमच्या मुलीचं नाव घालू. मग त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मला कंटाळा आला नसेल असं वाटतं का तुम्हाला?" ते म्हणाले. "पण कंटाळ्याचा आलेख कुणी मागत नाही माझ्याकडे. सहाव्या भागात तीनशे वस्त्या आहेत."

तीनशे.

मग मी घरी आवाज बंद ठेवून काम करायला लागले, नुसता आवाजाचा आलेख बघून. हेडफोन कपाटात गेले. अशाच एका दुपारी भिंगरी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. ती असं करते हल्ली, न सांगता येते, त्यामुळे मी खुर्ची भिंतीला लावली होती, पण त्या दिवशी जागा झाडताना सरकवलेली राहिली. स्क्रीनवर विहीर होती आणि विहिरीपाशी ती बाई.

तिने विचारलं, ही कोण. मी म्हटलं, एक आई आहे. तिची मुलगी हरवलीय. मग ती इथे का उभी आहे? येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते ती, माझी मुलगी शोधून द्या म्हणून. मुलगी कुठेय? मी म्हटलं, तिथे, त्या नावेमागे. स्क्रीनवर नाव दिसत होती. लांब नव्हती.

"तिला ऐकू येत नाही?" भिंगरीने विचारलं.

"काय?"

"मुलगी रडत असेल ना."

मी म्हटलं, येत असेल.

"मग जात का नाही?"

खरं उत्तर हे की गेममध्ये काम देणाऱ्या माणसाने जागा सोडायची नाही असा नियम आहे, नाहीतर खेळणाऱ्याला तो सापडणार कसा. पण सहा वर्षांच्या मुलीला ते सांगायला माझी जीभ रेटेना. ती पुढे वाकली आणि तिने त्या बाईचा चेहरा नीट निरखला.

"तिने कानाला काही लावलंय का?" तिने विचारलं. तक्रार म्हणून नाही. नुसतं, माहिती हवी म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी चालवालीकडे गेले. आमच्याकडे गेममधल्या माणसांना चालवायचं काम जी करायची ती चालवाली. रस्त्यात लंगडणारा माणूस दिसला की त्याच्या मागे मागे जाणारी बाई, म्हणून माझी मैत्रीण. तिला मी सगळं सांगितलं, कपाटाच्या दारापासून. तिने मध्ये एकदाही 'अगं बाई' केलं नाही. शेवटी मी विचारलं की त्या आयांना चालवता येईल का.

"त्यांना पायच नाहीत गं," ती म्हणाली. "झग्याखाली काही नाही. उभ्याच राहणार म्हणून केलेच नाहीत."

तिने दाखवलं. कॅमेरा जमिनीखालून वर वळवला. पायघोळ झगा, आणि त्याच्या आत नुसती पोकळी, आकाश दिसत होतं त्यातून. पहिल्या बाईला, दुसऱ्या बाईला, सगळ्यांना. चौथ्या भागाच्या आयाही तशाच, तिसऱ्याच्याही. इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडी हुंदके घालत होते.

एकशे अठरांना पाय देणं शक्य नव्हतं. एकीला देता आले. उत्तर किनाऱ्याच्या टोकाला मिठागरं आहेत, त्यांच्या कडेची वस्ती. तिथे तपासणीवाले फारसे फिरकत नाहीत, कारण नकाशावर तिचा ठिपका डोंगराच्या चित्राआड जातो. चालवालीने पाय उसने आणले, छावणीतल्या पहारेकऱ्याचे. त्यामुळे ती आई चालताना जराशी पोलिसासारखी चालते, हसू नका. रस्ता आम्ही दोघींनी आखून दिला: विहीर, कुंपण, ओढ्यावरचा लाकडी साकव, मिठाचे ढीग, पाण्यात कलंडलेली नाव. रडणं ऐकू आलं की तिने निघायचं, कुणी काम घ्यायची वाट न बघता. एवढंच. जेवणाच्या सुट्टीत आठ दिवस लागले आम्हाला. नवव्या दिवशी गेमला कुलूप लागलं, म्हणजे यापुढे कुणी काही बदलायचं नाही असं ठरलं. ती नावेपर्यंत पोचते का हे बघायचं राहून गेलं. कागदावर पोचते. पण आमच्या कामात कागदावर सगळेच पोचतात. मग एखादा दगड चार बोटं पुढे असतो आणि माणूस जन्मभर त्या दगडाला चालत राहतो.

गेम निघाला त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली. भिंगरीला त्या आईचं सांगितलं. खोटं काही सांगितलं नाही: एकीला पाय दिलेत, रस्ता दिलाय, ती निघते. भिंगरीने विचारलं, पोचली का? मी म्हटलं, बघून सांगते.

मी तिला हजारदा हेडफोनमागून 'आले हं' म्हटलेलं आहे आणि गेलेली नाही. हे एक मला बघूनच सांगायचं होतं.

आमच्या घरात ते रडणं मी पुन्हा लावणार नाही, हे तर ठरलेलंच. म्हणून एका दुपारी भिंगरी शाळेत असताना चालवालीच्या घरी गेले. दोन तास लागले मिठागरापर्यंत जायला. टेकडीवर आले आणि ते सुरू झालं, अकरा सेकंद. विहिरीपाशी ती बाई हलली. पुढचं मला दिसलं नाही. मी चालवालीच्या स्वयंपाकघरात उभी होते, मग तिच्या बाथरूमच्या दाराशी, मग पलंगाखाली वाकून बघत होते. ती मला हाताला धरून बाहेर घेऊन आली. तो आवाज ऐकला की माझे पाय गेममध्ये चालत नाहीत, घरात चालतात. हे मी तीनदा करून पाहिलं; आवाज बंद ठेवला तर ती बाई जागची हलतच नाही.

चालवालीने एकटीने पाहिलं. ती म्हणाली, निघाली एवढं मी बघितलं, कुंपण ओलांडलं. पण साकवाजवळ लुटारूंच्या छावणीतले तिघे माझ्या अंगावर आले. चाळीस पावलांचा नियम! मला पळावं लागलं, आणि परत येऊन बघते तर ती पुन्हा विहिरीपाशी. कारण खेळणारा लांब गेला की वस्ती मिटते आणि जवळ आला की पहिल्यापासून सुरू होते. नंतर चालवालीला दुसऱ्या गावी काम मिळालं, बाळही होणार आहे तिला. तिला पुन्हा सांगायला मला धीर झाला नाही.

भिंगरी आता सात वर्षांची आहे. अजून हाक मारत नाही. मात्र दर काही दिवसांनी, दात घासताना किंवा मोजे घालताना, ती सहज विचारल्यासारखं विचारते, पोचली का ती? मी म्हणते, अजून कळलं नाही. ती मान हलवते. तिला हे उत्तर पटतं असं मला वाटतं, निदान 'हो' पेक्षा जास्त. पण आपण एखादीची किती दिवस वाट बघायची हेही ती मनात कुठेतरी मोजत असणार, आणि ते मोजणं संपायच्या आत मला तिच्याकडे काहीतरी घेऊन जायचंय.

तुमच्या घरी तो पाचवा भाग असेल. नसेल तर शेजारी असेल, भाच्याकडे असेल; लाखो घरांत आहे. उत्तर किनाऱ्याला या. वाटेत मनोरा दिसेल, चढू नका. पेट्या चमकतील, घोडा विव्हळेल, राहू द्या. साकवापलीकडची छावणी आधी मोकळी करून घ्या, म्हणजे तुमच्यावर कुणी धावून येणार नाही, आणि मग वस्तीत या. विहिरीपाशी बाई असेल. तिच्याशी बोलू नका. बोललात की ती थांबते आणि पाठ केलेलं सांगायला लागते. मुलीला तुम्ही आणू नका. नुसते बाजूला उभे राहा, कुणी जवळ असल्याशिवाय ती चालत नाही. तिला जाऊ द्या, तिच्या मागे दहा-बारा पावलं ठेवून जा, आणि नावेपाशी गेल्यावर ती वाकते का ते बघा.

पोचली नसेल तर तेही कळवा. मी भिंगरीला तसंच सांगेन.